एकच दिवस पुन्हा पुन्हा : 'एज ऑफ टुमॉरो' परत परत का बघावासा वाटतो?

मागवाला

मे महिना. सोलापुरात या दिवसांत दुपारी बारानंतर कुणी घराबाहेर पडत नाही. रविवारी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, खिडकीला ओली चादर लावली आणि 'एज ऑफ टुमॉरो' लावून बसलो. कितव्यांदा ते मोजलेलं नाही. एरवी हाणामारीचे सिनेमे मी फारसे बघत नाही. मग याच्याकडेच पाय का वळतात, हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय. म्हणून हा धागा.

(पुढे सगळं कथानक उघड होणार आहे. बघायचा राहिला असेल तर आधी बघून या, मग वाचा.)

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मिमिक नावाच्या परग्रहावरच्या जिवांनी युरोप गिळलंय. मेजर केज म्हणजे टॉम क्रूझ. हा सैन्याच्या प्रसिद्धी खात्यातला माणूस, टीव्हीवर गोड बोलून पोरांना भरती व्हायला लावणारा. स्वतः कधी लढलेला नाही. जनरल आघाडीवर जा म्हणतो तर हा नाही म्हणतो, वर जनरललाच धमकी देतो. मग बेड्या घालून याला हीथ्रोच्या तळावर साधा शिपाई म्हणून आणून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवतात. अंगावरच्या यांत्रिक चिलखताची सेफ्टी कशी काढायची, एवढंही त्याला येत नसतं. थोड्याच वेळात मरतो. पण मरताना एका वेगळ्या जातीच्या मिमिकचं, अल्फाचं, रक्त त्याच्या अंगावर सांडतं आणि डोळे उघडतात ते आदल्या दिवशी, हीथ्रोवर, सामानाच्या ढिगावर. तिथून पुढे जितक्या वेळा मरेल तितक्या वेळा तोच दिवस.

आता माझ्या मनातलं. माझे वडील तीस वर्षं जॅकार्डच्या, म्हणजे नक्षीच्या चादरी विणणाऱ्या, मागावर होते. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन अक्कलकोट रोडला जायचो. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्यांची लांबलचक माळ लटकलेली असायची. पुठ्ठ्यापुठ्ठ्याला भोकं. एक पुठ्ठा म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. भोक असेल तिथं सुई आत शिरते, हुक उचलला जातो, ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार वर येते. भोक नसेल तिथली तार खालीच राहते. शेवटचा पुठ्ठा पहिल्याला दोरीनं बांधलेला, म्हणून माळ फिरतच राहते आणि मोरामागून तोच मोर उमटत जातो.

एकदा एका मोराच्या मानेत एक तार चुकली. पुढच्या मोरात चूक तिथंच, त्याच्या पुढच्यातही तिथंच. मी चादरीवर बोट ठेवून दाखवत होतो. वडील म्हणाले, "चादरीत बघू नको, माळेत बघ." त्यांनी माग बंद केला आणि एकेक पुठ्ठा हातानं फिरवत, उजेडापुढं धरत बघत राहिले. त्यात तासभर तरी गेला असेल. शेवटी एक पुठ्ठा सापडला. त्यात दोन भोकांच्या मधली, भोक नको होतं ती जागा फाटून तिथंही भोक पडलं होतं. वडिलांनी नवा पुठ्ठा छेदून घेतला, माळेत ओवला आणि मग माग चालू केला.

केज सुरुवातीला चादरीवर बोट ठेवत असतो. या सोबत्याला ढकल, त्या गोळीखालून वाक, कोसळणाऱ्या विमानापासून बाजूला हो. त्यानं चार पावलं जास्त मिळतात, पण किनारा काही जिंकता येत नाही. सगळ्या मिमिकना चालवणारा ओमेगा कुठं तरी लपून बसलाय आणि शोधायचा तो, हे कळतं तिथून सिनेमा खरा सुरू होतो.

दुसरं म्हणजे या सिनेमात माणूस शिकताना दिसतो. इतर ठिकाणी नायक एका गाण्यात तरबेज होतो: पळतो, घाम पुसतो, सूर्य उगवतो, झाला तयार. इथं त्याची प्रत्येक चूक दिसते आणि प्रत्येक चुकीची किंमत एक मरण असते. कामगाराच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण हात बसायला काय लागतं हे पडद्यावर इतकं सरळ दाखवलेलं मला दुसरीकडे दिसलं नाही.

तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

सेव्हपॉइंट

काका, पुठ्ठ्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजोबांच्या घरी अजून एक माळ पोटमाळ्यावर आहे, ती कशासाठी असते ते आज कळलं.

माझ्यासारख्या गेम खेळणाऱ्यांना हा सिनेमा पहिल्या दहा मिनिटांतच आपला वाटतो. मरायचं, मागच्या टप्प्यावरून परत सुरू करायचं, शत्रू कुठून येणार ते पाठ करायचं. हे योगायोगानं झालेलं नाही. मूळ कादंबरी जपानी आहे, हिरोशी साकुराझाका यांची, २००४ ची, 'ऑल यू नीड इज किल'. त्यांना ती सुचली तीच गेम खेळणाऱ्याच्या अनुभवावरून. तोच टप्पा शंभरदा हरून शेवटी जिंकणाऱ्याला बाकीचे शूर म्हणतात, पण तो फक्त शंभरदा हरलेला असतो.

कादंबरीतली एक गोष्ट सिनेमात नाही आणि ती मला फार आवडते. तिथला नायक केजी हा कोवळा, नवखा शिपाई आहे. तो दर सकाळी उठल्यावर हाताच्या पंजामागं पेननं आकडा लिहितो, आजची कितवी फेरी ते. रात्रीत शाई पुसली जाते, कारण हातही आदल्या दिवसाचाच असतो. तरी तो रोज नवा आकडा लिहितो. आकडा डोक्यात असतोच की, मग लिहायचा कशाला? मला वाटतं, आपण वेडे झालेलो नाही याचा काहीतरी पुरावा डोळ्यांपुढं हवा म्हणून.

ऊन४४

मीही परवाच पाहिला. पहिला अर्धा तास तर श्वास घ्यायलाही सवड नाही. बाकी सगळ्यांचं वाचतोय, लिहीत राहा.

गणित_पक्कं

मला सिनेमा आवडतो, पण एक हिशेब जुळत नाही. मेल्यावर केजचं शरीर आदल्या दिवशीचं होतं. म्हणजे काल कमावलेली ताकद गेली, दम गेला, हाताचे घट्टेही गेले. राहते ती फक्त आठवण. मग जाहिरात खात्यातला हा मऊ माणूस त्याला लढायला शिकवणाऱ्या रीटासारख्या लढवय्यीच्या तोडीचा होतो कसा? आठवणीनं कुणी पैलवान होतं का?

तालमीतला

याचं उत्तर मी देतो मालक, हे माझ्या हातचं आहे.

मी आठवीपासून तालमीत आहे. डाव वेगळा आणि दम वेगळा. दम जोर-बैठकांनी येतो, खुराकानं येतो, आणि पंधरा दिवस खाडा केला की निम्मा जातो. डाव जात नाही. आमचे वस्ताद पासष्टीचे आहेत, गुडघे गेलेत, पण मातीत उभे राहिले की तेवीस वर्षांच्या पोराचा पट अजून सहज काढतात, म्हणजे खाली शिरून पाय धरून पाडतात. पट काढायला ताकद किती लागते? थोडीच. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे ते कळावं लागतं. तो पाऊल टाकताना एक क्षण असा येतो की पुढचा पाय टेकलेला असतो पण भार अजून मागंच असतो. त्या क्षणी खाली शिरलास तर तो आपोआप येतो. अर्धा क्षण उशीर झाला की तूच खाली. तो क्षण ओळखायला मला दोन वर्षं लागली. आणि ते शिकलो ते पाठ मातीला लागूनच. दर वेळी मातीत पडल्यावर वस्ताद एवढंच विचारायचे, "कुठं चुकलास?" सांगता आलं तर पुढची झोंबी, नाही आलं तर शंभर बैठका.

केजकडं डाव राहतो आणि दम जातो. आता दमाचं काम कोण करतं बघा. ते चिलखत करतं! उचलणं, धावणं, उडी, बंदूक पेलणं, सगळं यंत्र करतं. माणसानं फक्त कधी आणि कुठं ते ठरवायचं. म्हणून ते चिलखत दिखाव्याला नाही, त्याच्याशिवाय ही गोष्ट उभीच राहिली नसती. चिलखत नसतं तर तुमची शंका बरोबर ठरली असती.

गणित_पक्कं

हे पटलं. चिलखताकडं मी या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं.

तरी एक राहतंच. डावसुद्धा मेंदूतच बसतो आणि मेंदू हाही शरीराचाच भाग. मेंदू आदल्या दिवशीचा झाला तर आठवण कुठं टिकते? याला सिनेमाकडं उत्तर नाही. पण मी ते माफ करतो. विज्ञानकथेला एक थाप मारायची मुभा असते, पहिलीच आणि मोठी. तिच्यानंतर मात्र सगळं त्या थापेच्या हिशेबानंच चालावं लागतं. इथं ते चालतं. काळ मागं फिरवायची शक्ती ओमेगाची. अल्फा मेला की ओमेगा दिवस मागं घेतो, म्हणून शत्रूला आपण काय करणार ते आधीच ठाऊक असतं. केजच्या रक्तात ती शक्ती चुकून आली. आणि त्याला दुसऱ्या कुणाचं रक्त चढवलं की ती गेली. नियम थोडे आहेत आणि शेवटपर्यंत पाळलेत.

या रक्ताच्या नियमातून सिनेमानं भीतीची दिशाच बदलली, हे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. नेहमीच्या सिनेमात जखमी नायक वाचावा असं आपल्याला वाटतं. इथं तो जखमी होऊन वाचला तरच घात आहे, कारण दवाखान्यात नेऊन कुणी रक्त चढवलं की संपलं. म्हणून पाय मोडला की रीटा त्याला सरळ गोळी घालते आणि बघणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. नायक मेल्यावर प्रेक्षकाला हायसं वाटायला लावणारे सिनेमे किती असतील?

कात्री

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. वीस वर्षं झाली. त्यामुळे हा सिनेमा मी कथेपेक्षा कापाकापीसाठी बघतो, आणि जितक्यांदा बघतो तितक्यांदा नवीन काही सापडतं.

विचार करा, अडचण किती मोठी आहे. तोच दिवस, तेच सार्जंटचं ओरडणं, तोच किनारा. प्रेक्षकाला तीच गोष्ट तीनदा दाखवली की तो मोबाइल काढतो. एकाच हॉलमधली सात लग्नं एकाच आठवड्यात हाताखालून गेली की मलाही कळतं पुनरावृत्ती किती कंटाळवाणी असते. मग इथं कंटाळा का येत नाही?

पहिल्यांदा दिवस अख्खा दाखवतात, सावकाश. दुसऱ्यांदा जवळजवळ अख्खा, पण केज आता चकित झालेला असतो, म्हणून आपण त्याचा चेहरा बघतो. त्यानंतर मधले तुकडे उडवायला सुरुवात होते. वाक्याचा एकच शब्द ऐकू येतो आणि पुढचा सगळा प्रसंग आपल्याला आठवतो, दाखवावा लागत नाही. मग मरणांची माळ लागते. कसरत चालू असताना ट्रकखालून लोळत पळायला जातो आणि चाकाखाली येतो, तो तुकडा एवढासा आहे, पण थिएटरमध्ये सगळे एकदम हसले होते. एकच फ्रेम कमी-जास्त झाली असती तर तिथं हसू न येता किळस आली असती.

पण खरी करामत शेतावरच्या घराची आहे. रीटा आणि केज किनाऱ्यावरून निसटून गाडीनं एका ओसाड घरापाशी येतात. मागं हेलिकॉप्टर उभं आहे. आतापर्यंत आपल्याला सवय लागलीय की केज जे बघतो ते आपणही त्याच्याबरोबर पहिल्यांदाच बघतो. इथं तो कॉफी करतो आणि तिच्या कपात साखर घालतो. तिला तीन लागतात हे त्याला ठाऊक असतं. तिनं सांगितलेलं नसतं. ती थांबते. आपणही थांबतो. आणि मग लख्ख कळतं की तो इथं कितीतरी वेळा आलाय आणि या फेऱ्या सिनेमानं आपल्याला दाखवल्याच नाहीत. हेलिकॉप्टर सुरू केलं की ती मरते, हे तो बघून चुकलाय. कुठलाही मार्ग घेतला तरी ती या घरापुढं जगत नाही. म्हणून तो कॉफीच्या निमित्तानं वेळ काढतोय.

आपण इतका वेळ त्याच्याबरोबर चाललो होतो, आणि तो एका कपाच्या अंतरात आपल्या किती पुढं निघून गेला! हे सांगायला संवाद लागला नाही, रडणं लागलं नाही. न दाखवलेल्या गोष्टीचं वजन दाखवलेल्यापेक्षा जास्त भरतं, हे मी त्या एका प्रसंगातून शिकलो. तेव्हापासून लग्नाच्या व्हिडिओत पाठवणीला मुलीचं रडणं मी लांबवत नाही. रिकाम्या झालेल्या मांडवाचा एक शॉट ठेवतो. आजवर कुठल्या घरातून तक्रार आली नाही.

खरं सांगतो, पहिल्यांदा बघताना ही साखर माझ्या ध्यानात आली नव्हती. दुसऱ्यांदा आली.

मागवाला

कात्री, तुमच्यासारख्याच्या ध्यानात आली नाही तर माझ्या कुठली येणार! मला तिसऱ्यांदा कळली. त्याआधी मला तो प्रसंग नुसता संथ वाटायचा.

खडूफळा

मी दहावीला गणित शिकवतो. यंदा चोविसावी तुकडी गेली. वरचं सगळं वाचून जे वाटलं ते लिहितो.

केज आणि रीटा यांच्यातलं नातं मला शिक्षक आणि वर्गासारखं दिसतं, पण उलटसुलट. जूनमध्ये माझ्यापुढं जी मुलं येतात त्यांच्यासाठी वर्गसमीकरण नवं असतं. माझ्यासाठी तो दिवस चोविसाव्यांदा आलेला असतो. फळ्यावर कितव्या ओळीला खिडकीजवळच्या बाकावरून हात वर होणार हे मला ठाऊक असतं. चिन्ह बदलायला कोण विसरणार, उत्तर बरोबर काढून ते ताळ्यात बसवून बघायला कोण विसरणार, हेही. मूल दरवर्षी वेगळं असतं पण अडखळण्याची जागा तीच असते. मी आधीच सांगितलं, "इथं चुकाल," तर काही उपयोग होत नाही. त्याला तिथंपर्यंत येऊन अडखळू द्यावं लागतं, आणि मग मी तिथं उभा असावा लागतो.

सिनेमात केज रीटाला दर सकाळी नव्यानं पटवतो. तिच्यासाठी तो अनोळखी शिपाई. त्याच्यासाठी ती अशी व्यक्ती की जिच्याबरोबर त्यानं शेकडो दिवस काढलेत. तिचं मधलं नाव तिनंच एका फेरीत सांगितलेलं, आणि पुढच्या फेरीत तिला ते सांगितल्याचं आठवतही नाही. या नात्यात केज फार एकटा आहे. फळ्याकडून वर्गाकडे वळलं की मला तो एकटेपणा कधी कधी जाणवतो. गेल्या वर्षी याच बाकावर बसलेल्या मुलाशी जे बोललो होतो ते या मुलाला माहीत नसतं, आणि माझ्या तोंडून मात्र तेच उदाहरण, तोच दिलासा निघत असतो. तो या मुलाला पहिल्यांदाच मिळतोय हे लक्षात ठेवून तितक्याच ओलाव्यानं द्यायचा, हे कठीण आहे. केज ते शिकतो. आधी तो रीटाला घाईघाईनं, पाठ केल्यासारखं सगळं सांगतो. पुढं पुढं त्याचा आवाज हळू होत जातो.

पूर्वभाग

नमस्कार सर, तुमचं लिहिलेलं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

मला रीटाबद्दल बोलायचंय, कारण इथं सगळे केजबद्दलच लिहितायत. रीटाकडं हीच शक्ती आधी होती. व्हर्डनच्या लढाईत ती एकटी जिंकली म्हणून तिची मोठमोठी चित्रं बसवर, भिंतींवर लागलीत. लोकांना वाटतं ही जन्मजात वाघीण. खरं म्हणजे तीही शेकडो वेळा मेलेली आहे, आणि मग रक्त चढवल्यावर तिची शक्ती गेली. जवळच्या एका माणसाला तिनं तीनशे वेळा मरताना पाहिलंय. म्हणून ती केजला जवळ येऊ देत नाही. तिच्या वागण्यातला तो कडकपणा पहिल्यांदा बघताना उर्मट वाटतो, दुसऱ्यांदा बघताना पोटात कालवतं. एमिली ब्लंटनं हे सगळं खांद्यांतून आणि मानेतून दाखवलंय. सरावाच्या जागेतला तिचा प्रसंग, अंग जमिनीला समांतर तोलण्याचा व्यायाम चाललेला असतो, आणि ती मान वळवून केजकडं बघते, तेवढ्यात सगळं येतं.

आमच्या भागात तेलुगू घरं जास्त, त्यामुळे दक्षिणेकडचे सिनेमे आम्ही सवयीनं बघतो. २०२१ चा तमिळ 'मानाडू' बघितलाय का कुणी? व्यंकट प्रभूंचा. त्यातही तोच दिवस परत येतो, नायकाला मुख्यमंत्र्यांची हत्या आणि त्यातून पेटणारी दंगल थांबवायची असते. पण तिथं एक भारी गोष्ट केलीय. काही फेऱ्यांनंतर खलनायकही त्याच चक्रात अडकतो. एस. जे. सूर्यानं तो पोलीस अधिकारी रंगवलाय. आता दोघांनाही काल आठवतोय! नायकानं काल जे केलं त्यावर आज खलनायकाची तयारी झालेली असते. बुद्धिबळासारखं होतं ते. 'एज ऑफ टुमॉरो'त शत्रूलाही काल आठवतो पण त्याला चेहरा नाही, ओमेगा म्हणजे पाण्यातला एक चमकणारा गोळा. मला त्यामुळे 'मानाडू'ची झुंज जास्त रंगतदार वाटते, आणि दुखरेपण मात्र 'एज'मध्ये जास्त.

सेव्हपॉइंट

अक्का, 'मानाडू' आजच बघतो. ती शत्रूच्या चेहऱ्याची तक्रार माझीही आहे.

ऊन४४

मला शेवट खटकतो, कुणीतरी बोला त्यावर. पॅरिसमध्ये लूव्हर संग्रहालयाच्या खाली पाण्यात ओमेगा मरतो, रीटा मेलेली, सगळी तुकडी मेलेली, केजही मरतो. आणि मग ओमेगाचं रक्त त्याच्यात शिरतं आणि तो पार आधी, लंडनला येणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये जागा होतो. सगळे जिवंत, युद्धही जिंकलेलं. म्हणजे मग त्यांनी दिलेल्या बलिदानाचं काय राहिलं?

तालमीतला

मलाही वाटलं होतं, फुकट मिळालं म्हणून.

गणित_पक्कं

नियमाच्या हिशेबानं तो शेवट ताणलेला आहे, हे मान्य. अल्फाच्या रक्तानं एक दिवस मागं, ओमेगाच्या रक्तानं त्याहून मागं, असं समजून घ्यावं लागतं. पण ओमेगा मेलेला असताना काळ मागं गेला तर तो परत जिवंत का होत नाही, याचा उलगडा मला होत नाही. कादंबरीचा शेवट जास्त कडवट आहे. तिथं एकमेकांत गुंतलेल्या त्या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला मारल्याशिवाय चक्र तुटत नाही, आणि मरते ती रीटा. मला तो शेवट खरा वाटतो.

पण शेवटापूर्वीचा भाग बघा. दवाखान्यात केजला रक्त चढवलेलं असतं, शक्ती गेलेली. म्हणजे पॅरिसवरचा हल्ला त्याच्यासाठी पहिला आणि एकुलता एक. आता चुकलं तर चुकलं. इतका वेळ मरण स्वस्त होतं, त्या क्षणापासून ते महाग झालं, आणि मी खुर्चीच्या कडेवर आलो. तो एकदाच मिळणारा प्रयत्न आपल्याला जड वाटावा म्हणूनच आधीची सगळी मरणं आहेत, असं मला वाटतं.

खडूफळा

शेवटाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे परत जिवंत झाले, पण कुणाला काही आठवत नाही. ज्या तुकडीतल्या पोरांना त्यानं एकेकाच्या घरची माहिती सांगून आपलंसं केलं, ती आता त्याच्याकडं अनोळखी अधिकारी म्हणून बघतात. रीटा सुद्धा. तो तिच्यापुढं उभा राहतो आणि फक्त हसतो. ते हसू मला आनंदाचं वाटलं नाही. बलिदानाचं काय राहिलं, असं विचारलंत. ते एकट्या केजजवळ राहिलं.

आणखी एक. हा सिनेमा अमेरिकेत ६ जून २०१४ ला आला. ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं, त्याला त्या दिवशी ७० वर्षं झाली. तोच फ्रान्सचा किनारा, तशाच भरून येणाऱ्या फौजा. आणि व्हर्डन हे १९१६ च्या भीषण लढाईचं गाव. ज्या जागांवर खरीखुरी पोरं पहिल्याच फेरीत गेली आणि त्यांना दुसरी सकाळ मिळाली नाही, त्याच जागा निवडल्यात. इतिहासाचा तास घेताना मी हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

तालमीतला

सर, आता पटलं. त्या नजरेनं परत बघतो.

एक राहिलं. ती चिलखतं खरीच होती, अंगावर चढवलेली, सुमारे ३८ किलोची. टॉम क्रूझ तेव्हा पन्नाशीचा. एवढं ओझं घेऊन वाळूत पळणं काय असतं ते माझ्या मांड्यांना विचारा. पडद्यावर केज सुरुवातीला जे लडखडतो, त्यात नाटक थोडं आणि वजन जास्त असणार.

पूर्वभाग

मागवाला दादा, वडिलांनी बघितलाय का हा सिनेमा? पुठ्ठ्याचं सगळं त्यांच्याकडून आलंय म्हणून विचारते.

मागवाला

अक्का, तुमचा प्रश्न वाचला त्याच रात्री दाखवला. उशीर झाला लिहायला, आमच्याकडे काल पाणी यायचा दिवस होता.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इंग्रजी येत नाही. खालच्या अक्षरांवर नजर ठरत नाही, म्हणून मी शेजारी बसून मोजकंच सांगत होतो. किनाऱ्यावरचा गोंधळ त्यांना आवडला नाही, आवाज कमी कर म्हणाले. केज दुसऱ्यांदा जागा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "परत पहिल्यापासून लावलास का?" मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा जागा झाला तेव्हा काही विचारलं नाही, पाय वर घेऊन मांडी घालून नीट बसले. सरावाच्या भागात, केज पडतोय, रीटा गोळी घालतेय, परत पडतोय, तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. माग चालू असताना धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपत आली की हात जसा आधीच धोट्याकडं जायचा, तसा.

मग शेतावरचं घर आलं. मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही. केजनं कप घेतले, कॉफी ओतली, साखर घालायला लागला. रीटा अजून काही बोललेली नव्हती, पडद्यावर कुणालाच काही कळलेलं नव्हतं.

वडील म्हणाले, "हा इथं आधी येऊन गेलाय."

मी सिनेमा थांबवला आणि कशावरून म्हणून विचारलं.

"हात बघ की त्याचा," ते म्हणाले. "शोधत नाहीय."

मी मागं घेऊन परत लावला. खरंच, तो साखर शोधत नाही. एवढ्या वेळा बघून मी फक्त तीन हा आकडा धरला होता, हात बघितलाच नव्हता. पुढचं हेलिकॉप्टरचं झाल्यावर वडिलांनी टीव्ही बंद करायला सांगितलं. त्या बाईचं काय होतं ते आज नको, उरलेला उद्या बघू म्हणाले. आज जेवणं झाली की लावणार आहे.